बीड रस्त्यावरील गाठींचा ट्रक : मराठवाड्यातील एक विमान-अपघात आणि दोषनिश्चितीचा प्रश्न

अपघाताची चौकशी हा इतिहासलेखनाचाच एक प्रकार होय. घडून गेलेल्या घटनेचे अवशेष गोळा करावयाचे, साक्षी तपासावयाच्या, काळाचा क्रम लावावयाचा आणि त्यातून कारणांची मालिका उभी करावयाची, हे काम इतिहासकार करतो तसेच चौकशी-अधिकारीही करतो. फरक एवढाच की, इतिहासकाराच्या निष्कर्षामुळे सहसा कोणाची नोकरी जात नाही की कोणाला तुरुंग घडत नाही. चौकशी-अधिकाऱ्याच्या निष्कर्षामुळे तसे घडू शकते. म्हणूनच कारणांची मालिका मागे मागे नेताना ती कोठे थांबवावयाची, हा प्रश्न त्याच्या बाबतीत पद्धतीपुरता मर्यादित राहत नाही. तो न्यायाचाही प्रश्न होतो.

विमान-अपघातांच्या इतिहासात ही मालिका पुष्कळदा वैमानिकापाशी येऊन थांबली आहे. याचे कारण उघड आहे. अपघातापूर्वीची शेवटची मानवी कृती बहुधा त्याची असते, ती यंत्रांत नोंदलेली असते आणि तिचे वर्णन एका वाक्यात करता येते. त्या कृतीच्या मागे असलेले निर्णय मात्र अनेक कचेऱ्यांत, अनेक वर्षांत विखुरलेले असतात. मराठवाड्याच्या भूमीवर दि. २६ एप्रिल १९९३ रोजी घडलेला चिकलठाणा येथील अपघात या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याच्या चौकशीने वैमानिकाची चूक आणि संस्थेची चूक ही दोन्ही कारणे एकाच वाक्यात, शेजारी शेजारी मांडली. या दोहोंमधील संबंध उलगडल्यावाचून त्यांपैकी कोणत्याही एकाचा खरा अर्थ लागत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. घटना

इंडियन एअरलाइन्सचे उड्डाण क्रमांक ४९१ हे दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या मार्गाने मुंबईस जात असे. त्या दिवशी बोईंग ७३७-२०० जातीचे विमान भर दुपारी, एकच्या सुमारास, चिकलठाणा विमानतळावरून शेवटच्या टप्प्यासाठी निघाले. विमानात ११२ प्रवासी व ६ कर्मचारी, असे एकूण ११८ जण होते. विमान भरलेले होते आणि हवा तापलेली होती. धावपट्टी सुमारे ६,००० फूट लांबीची होती व उड्डाण पूर्वेच्या दिशेने होते.

विमानाने जमीन सोडली ती जवळजवळ धावपट्टीच्या टोकाशी. टोकापलीकडे सुमारे ४१० फुटांवरून बीडकडे जाणारा रस्ता आडवा जातो. त्या क्षणी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. रस्त्याच्या पातळीपासून सुमारे सात फूट उंचीवर विमानाच्या डाव्या बाजूची मुख्य चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. जखमी झालेले विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकले आणि शेतात कोसळून पेटले. ५५ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिक वाचले.

गाठींचा ट्रक हा योगायोग खराच. परंतु मराठवाड्याच्या अर्थजीवनाशी ज्याचा परिचय आहे त्याला त्यात नवल वाटावयाचे नाही. परभणी, सेलू, मानवत, जालना, बीड हा सारा काळ्या कापूसजमिनीचा टापू. १९७१ च्या कायद्यान्वये राज्यात कापूस एकाधिकार खरेदीची योजना आली आणि शेतकऱ्याचा कापूस खरेदीकेंद्रातून जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात व तेथून गाठींच्या रूपाने ट्रकमधून बाहेर, हा प्रवास या प्रदेशाच्या रस्त्यांवरील नित्याचा देखावा झाला. गाठींचा ट्रक हा रिकाम्या ट्रकपेक्षा उंच भरतो, मंद चालतो आणि कोणत्याही वेळापत्रकाने बांधलेला नसतो. त्याच्या चालकाच्या लेखी तो रस्ता इतर रस्त्यांसारखाच एक रस्ता होता. आपण एका धावपट्टीच्या उड्डाणरेषेत शिरत आहोत याची त्याने दखल घ्यावी, अशी कोणतीही व्यवस्था त्याच्यासमोर उभी नव्हती.

विमान नियम, १९३७ मध्ये मोठ्या अपघाताच्या औपचारिक न्यायालयीन चौकशीची तरतूद होती. या अपघाताच्या चौकशीने दोन कारणे नमूद केली : पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास केलेला विलंब व त्यासाठी वापरलेली चुकीची पद्धती, दुसरे, विमानांच्या उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश.

२. कागदावरील मर्यादा

पहिल्या कारणाचा अर्थ समजावून घेण्यासाठी उड्डाणाच्या मर्यादा कशा ठरतात हे थोडे पाहिले पाहिजे. जमिनीवर धावणाऱ्या विमानाचा वेग एका ठरावीक आकड्यास पोहोचला की वैमानिक नियंत्रकदांडी आपल्याकडे ओढून विमानाचे नाक वर उचलतो. हा उचलवेग विमानाचे वजन, हवेचे तपमान, विमानतळाची उंची इत्यादी गोष्टींवरून आधीच तक्त्यांतून काढलेला असतो. नाक उचलण्याची गतीही ठरलेली असते. सामान्यतः ती सेकंदाला सुमारे तीन अंशांची असते. नाक फार सावकाश उचलले तर विमान जमिनीवरच अधिक अंतर कापते. फार झटक्याने उचलले तर शेपूट जमिनीला घासण्याचा धोका असतो.

हवेचा वाटा येथे फार मोठा आहे. चिकलठाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,९०० फूट. एप्रिलमधील दुपारचे तपमान उदाहरणादाखल ४० अंश सेल्सिअस धरले, तर हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरते. विरळ हवेत पंखांना तेवढेच उचलबळ मिळण्यासाठी विमानाला जमिनीवर सुमारे ८ टक्के अधिक वेग घ्यावा लागतो. आणि इंजिनांचा जोर मात्र त्याच विरळ हवेमुळे घटलेला असतो. गरज वाढते आणि सामर्थ्य उणावते. जी धावपट्टी पौषात पुरेशी वाटते ती चैत्र-वैशाखात तोकडी पडते, ती यामुळे.

नियमकर्त्यांना हे सर्व ठाऊक असते व म्हणून त्यांनी मर्यादांमध्ये शिल्लक ठेवलेली असते. प्रवासी विमानांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, ऐन धावेत एक इंजिन बंद पडले तरी उपलब्ध अंतराच्या शेवटी विमान ३५ फूट उंचीवर असले पाहिजे. दोन्ही इंजिने चालू असतील तर ती उंची गाठण्यास लागणाऱ्या अंतरात आणखी १५ टक्के भर घालून ते अंतर उपलब्ध लांबीत बसले पाहिजे. ६,००० फुटांच्या धावपट्टीला हा हिशेब लावला, तर वजन नियमात असताना दोन्ही इंजिनांवर निघालेले विमान सुमारे ५,२०० फुटांवरच ३५ फूट उंच गेलेले असावयास हवे. म्हणजे कागदावर जवळजवळ ८०० फुटांची शिल्लक होती. प्रत्यक्षात विमान टोकाशी जमीन सोडत होते आणि ४१० फूट पुढे त्याची चाके रस्त्यापासून सात फुटांवर होती.

ही शिल्लक किती वेळात संपते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. वेग १४० नॉट धरला तर विमान सेकंदाला सुमारे २३५ फूट अंतर कापते. धावपट्टीचे टोक व ट्रक यांतील ४१० फुटांचे अंतर म्हणजे पावणेदोन सेकंद. नाक उचलण्यास दोन सेकंद उशीर झाला की पावणेपाचशे फूट गेले. नाक उचलण्याची गती निम्मी ठेवली की तितकेच पुन्हा गेले. ज्या चुकीला चौकशीने 'विलंब' म्हटले ती अशा काही सेकंदांची गोष्ट आहे. तापलेल्या दुपारी, भरलेल्या विमानात, धावपट्टीचे टोक समोर वेगाने जवळ येत असताना काही सेकंद मागेपुढे होणे ही माणसाच्या हातून होणारी चूक आहे. ती क्षम्य ठरत नाही. परंतु ती अकल्पितही नाही. किंबहुना ती कल्पिलेली होती, म्हणूनच नियमांत शिल्लक ठेवलेली होती.

मर्यादेचे खरे स्वरूप येथे स्पष्ट होते. मर्यादा हा केवळ आकडा नव्हे. ती अनेकांनी आपापला वाटा सांभाळावा असा एक करार असते. भार मोजणाऱ्याने भार अचूक सांगावा, तपमान नोंदणाऱ्याने तपमान खरे नोंदावे, वैमानिकाने ठरलेल्या क्षणी ठरलेल्या रीतीने नाक उचलावे आणि विमानतळाच्या चालकाने टोकापलीकडची जागा मोकळी ठेवावी, अशी तीत अपेक्षा असते. चिकलठाण्यास वैमानिकांनी शिल्लक एका टोकाने खर्च केली आणि अनियंत्रित रस्त्याने ती दुसऱ्या टोकाने आधीच खर्च करून ठेवली होती. एकाच खात्यातून दोघे उचल करीत होते आणि एकाच्या उचलीची दुसऱ्याला खबर नव्हती.

३. रस्ता आणि फाटक

दुसऱ्या कारणाचा विचार करताना मराठवाड्यातील वाचकाला एक तुलना सहज सुचावी. विमानापेक्षा पुष्कळ जुने असे एक वाहन या प्रदेशात रस्ते ओलांडीत आले आहे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास निजामी राज्यातून मनमाडपर्यंत पोहोचला आणि पूर्णा, परभणी, सेलू, जालना ही गावे त्याला जोडली गेली. त्या क्षणापासून बैलगाडीचा रस्ता आणि आगगाडीचा रूळ जेथे एकमेकांना छेदतात तेथे काय करावयाचे, हा प्रश्न उद्भवला. फाटक आणि फाटकवाला हे त्याचे उत्तर होते. जेथे फाटकाचा सिग्नलशी यांत्रिक संबंध जोडलेला असतो, तेथे फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला वाट मिळत नाही. चालकाच्या दक्षतेवर आणि गाडीवानाच्या शहाणपणावर भिस्त न ठेवता दोघांच्या मध्ये एक तिसरी व्यवस्था उभी करावयाची, हे त्यामागील तत्त्व होय.

ही व्यवस्था सर्वत्र व एकाच वेळी आली असे नव्हे. रखवालदाराविना असलेल्या फाटकांवर अनेक दशके माणसे मरत राहिली. तेथे कायद्याने भार वाहनचालकावर टाकलेला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३१ मध्ये अशा ठिकाणी चालकाने थांबून खात्री करून घ्यावी असे कर्तव्य सांगितलेले आहे. तरीही केवळ कर्तव्य सांगून मृत्यू थांबले नाहीत, आणि अखेरीस ब्रॉडगेज मार्गांवरील अशी फाटकेच २०१९ च्या प्रारंभी संपुष्टात आणण्यात आली. माणसाने चुकू नये असे सांगत राहण्यापेक्षा चुकीला जागाच न ठेवणे अधिक परिणामकारक ठरते, हा रेल्वेच्या इतिहासाचा धडा आहे.

धावपट्टीच्या टोकाशी आडवा जाणारा रस्ता हे तत्त्वतः असेच एक फाटक होते. अमेरिकेच्या विमानतळविषयक नियमांत उड्डाणमार्गाखालील सार्वजनिक रस्ता हा स्वतःच १५ फूट उंचीचा अडथळा समजावा असे सांगितले आहे. रस्त्यावर त्या क्षणी वाहन आहे की नाही याचा विचारच करावयाचा नाही. रस्ता म्हणजे केव्हातरी येणारे वाहन, हे गृहीत धरण्याची ही रीत होय. चिकलठाण्यास मात्र नकाशावर रस्ता होता, पण हिशेबात ट्रक नव्हता. उड्डाणाच्या वेळा ठरलेल्या होत्या. त्या वेळी काही मिनिटे वाहने थोपविणे हे खर्चिक किंवा दुष्कर काम नव्हते. चौकशीने प्राधिकरणावर ठेवलेला ठपका नेमका याच मुद्द्याचा आहे.

येथे आणखी एक ऐतिहासिक विसंगती नोंदण्याजोगी आहे. रेल्वे-अपघातांची चौकशी रेल्वे चालविणाऱ्यांनीच करू नये, या विचाराने १९४१ च्या मे महिन्यात रेल्वे निरीक्षकांचे खाते रेल्वे बोर्डापासून वेगळे काढून टपाल व हवाई खात्याच्या हाताखाली देण्यात आले. पुढे हेच खाते रेल्वे सुरक्षा आयोग म्हणून नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत राहिले. रेल्वेची निःपक्षपाती चौकशी करण्यासाठी ज्या मंत्रालयाचा आसरा घेतला गेला, त्याच मंत्रालयाच्या विमान-अपघातांची प्राथमिक तपासणी मात्र दीर्घकाळ त्याच्याच हाताखालील नियामक खात्याकडे, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे होती. नियम करणारा, परवाना देणारा आणि अपघातानंतर कारण शोधणारा एकच असला, तर कारणांची मालिका त्याच्या स्वतःच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचते.

४. ठपक्याची परंपरा

चिकलठाण्याच्या निष्कर्षातील दुसऱ्या कारणाचे महत्त्व कळण्यासाठी महाराष्ट्राशी संबंधित अशा आधीच्या काही अपघातांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

जुलै १९६२ मध्ये अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान मुंबईस उतरण्याच्या तयारीत असताना रात्रीच्या वेळी जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले व विमानातील सर्व ९४ जण मरण पावले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत अशा समजुतीने वैमानिकाने वेळेआधीच खाली उतरण्यास प्रारंभ केला, सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडली, उपलब्ध साधनांनी आपले स्थान पडताळून पाहिले नाही आणि त्या प्रदेशाचा त्याला परिचय नव्हता, असे निष्कर्ष निघाले. या यादीतील शेवटची बाब लक्षणीय आहे. सह्याद्रीचा परिचय नसणे हा वैमानिकाचा दोष की त्याला त्या मार्गावर पाठविणाऱ्या व्यवस्थेचा, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

दि. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनगंगा' विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. या अपघाताच्या फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. विमानातील दिशादर्शक ग्राहकयंत्रांपैकी एक नादुरुस्त होते, हे वैमानिकाला माहीत होते. त्याने आपले स्थान चुकीचे मोजले. रडारवरील नियंत्रकाने ती चूक ओळखून त्याला स्थान कळविले. परंतु पुरेशी नेमकी शब्दयोजना नसल्यामुळे वैमानिकाचा गैरसमज झाला आणि पर्वत मागे पडला असे समजून तो खाली उतरू लागला. येथे चूक एका माणसाची राहत नाही. दोन माणसांमधील वाक्याचीही होते.

याउलट, दि. १ जानेवारी १९७८ रोजी 'सम्राट अशोक' हे बोईंग ७४७ विमान मुंबईहून दुबईस निघाल्यानंतर दोनेक मिनिटांतच वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले व २१३ जण मरण पावले, तेव्हा कारणाचा भर जवळजवळ संपूर्णपणे मुख्य वैमानिकावर पडला. विमानाचा कल दाखविणारे त्याच्यासमोरील यंत्र बिघडले, विमान उजवीकडे कललेले आहे असे समजून तो ते डावीकडे वळवीत राहिला. बाहेर अंधार व खाली समुद्र; क्षितिजाचा आधार नव्हता. यंत्राचा बिघाड मान्य करूनही निष्कर्षाची शब्दयोजना वैमानिकाच्या 'अविवेकी' हालचालींवरच केंद्रित झाली. एका बिघडलेल्या यंत्राने तीन माणसांच्या जाणिवेवर मात का केली, हा प्रश्न मागे पडला.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धापासूनच विचारला जाऊ लागला होता. बी-१७ बाँबर विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चुकून चाकेच मिटीत असत. आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, दोन्ही कळा एकसारख्या व शेजारी शेजारी होत्या. कळांच्या मुठींना निरनिराळे आकार देताच चूक नाहीशी होऊ लागली. वैमानिकाची चूक म्हणून नोंदलेली गोष्ट वस्तुतः रचनाकाराची होती. पुढे १९७७ मध्ये टेनेरीफ येथे दोन बोईंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मरण पावल्यानंतर वैमानिककक्षातील परस्परसंवाद, अधिकाराची उतरंड आणि कनिष्ठाने वरिष्ठाला टोकण्याचे शिक्षण यांकडे लक्ष गेले. जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ह्यूमन एरर' या ग्रंथात प्रत्यक्ष चूक आणि सुप्त चूक असा भेद मांडला. शेवटच्या माणसाची चूक ही प्रत्यक्ष. वर्षानुवर्षे व्यवस्थेत दबून राहिलेली चूक ही सुप्त. चिकलठाण्याच्या निष्कर्षातील दोन कारणे या भेदाची जणू उदाहरणेच आहेत : नाक उचलण्यातील विलंब ही प्रत्यक्ष चूक, बीड रस्ता ही सुप्त चूक.

५. जबाबदारीचे तीन अर्थ

दोष आणि जबाबदारी या शब्दांची आपल्या सार्वजनिक जीवनात नेहमीच गल्लत होते. भारतात जबाबदारीची तिसरीही एक परंपरा आहे. सप्टेंबर १९५६ मध्ये महबूबनगरजवळ व नोव्हेंबरमध्ये अरियालूर येथे मोठे रेल्वे-अपघात झाले, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी नैतिक जबाबदारी पत्करून पद सोडले. चिकलठाण्याच्या अपघातापूर्वी काही महिनेच, जानेवारी १९९३ मध्ये, नागरी विमानवाहतूकमंत्री माधवराव शिंदे यांनीही राजीनामा दिला होता. वैमानिकांच्या संपामुळे परदेशातून भाड्याने आणलेले एक विमान दिल्लीस उतरताना उलटले होते. त्यात प्राणहानी झाली नव्हती. चिकलठाण्याची चौकशी ज्या वातावरणात झाली ते वातावरण असे होते : वैमानिकांच्या संपाची कटुता ताजी होती आणि जनमताला उत्तरदायी माणूस हवा होता.

नैतिक जबाबदारी मंत्र्याची, कृतीची जबाबदारी वैमानिकाची आणि व्यवस्थेची जबाबदारी संस्थेची, असे हे तीन अर्थ आहेत. पहिलीने लोकांचे समाधान होते, दुसरीने कायद्याचे. अपघात टळतात ते तिसरीने. तथापि तिसरी हीच सर्वांत निसटती आहे. ज्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणावर चौकशीने ठपका ठेवला ते १९८६ मध्ये स्थापन झालेले होते, दि. १ एप्रिल १९९५ रोजी ते आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणासह भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले. ज्या इंडियन एअरलाइन्सचे ते विमान होते तिचेही पुढे, २००७ मध्ये, एअर इंडियाशी विलीनीकरण झाले. अपघातानंतर दोनच वर्षांत ठपक्याच्या वाक्यातील संस्था नावानिशी नाहीशी झाली. वैमानिकांना मात्र नाव बदलता येत नाही. संस्थेवरील दोष कागदात विरून जातो आणि माणसावरील दोष जन्मभर राहतो, ही विषमता कोणत्याही निष्कर्षाच्या शब्दांतून दिसत नाही. ती काळाच्या ओघातच दिसते.

याचा अर्थ वैमानिकांना निर्दोष ठरवावे असा नव्हे. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा हा प्रकार नव्हता. नाक वेळेवर उचलले असते तर ट्रक खालून निघून गेला असता, हे जितके खरे, तितकेच ट्रक थोपविलेला असता तर उशिरा उठलेले विमानही मुंबईस पोहोचण्याची शक्यता होती, हेही खरे. दोन्ही कारणे अपघाताला आवश्यक होती. एकटे कोणतेच पुरेसे नव्हते. अशा स्थितीत 'खरे कारण कोणते?' हा प्रश्नच सदोष ठरतो. 'कोणते कारण अधिक खात्रीने दूर करता येईल?' हा प्रश्न मात्र सार्थ आहे. माणसाचा विलंब शिक्षणाने कमी करता येतो, शून्य करता येत नाही. फाटक बांधता येते.

६. १९९३ नंतर

पुढील काळात चिकलठाण्याची धावपट्टी नऊ हजार फुटांहून अधिक लांबीची झाली. चौकशीच्या यंत्रणेतही बदल झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात, म्हणजे अपघात-चौकशीच्या जागतिक नियमावलीत, अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरविणे हा नव्हे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. भारताने २०१२ मध्ये नवे नियम करून नियामक खात्यापासून वेगळा असा विमान-अपघात तपासणी विभाग स्थापन केला. तो मंत्रालयाच्या छत्राखाली असला तरी महासंचालनालयापासून अलग झाला. रेल्वेला १९४१ मध्ये जे मिळाले ते विमानाला अंशतः सत्तर वर्षांनी मिळाले.

या विभागाच्या अहवालांतही ते दोन भागांचे वाक्य पुन्हा आढळते. दि. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात उतरताना विमान धावपट्टीपलीकडे जाऊन २१ जण मरण पावले. त्यांत मुख्य वैमानिक दीपक साठे होते. २०२१ च्या अहवालाने कार्यपद्धतीचे पालन न झाल्याचे कारण दिले आणि त्यासोबत व्यवस्थेतील उणिवांचा वाटा नजरेआड करता येणार नाही, असेही नमूद केले. परंतु जनमताची सवय इतक्या लवकर बदलत नाही. दि. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे २६० जणांचा बळी घेणारा अपघात झाला, तेव्हा महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालातील एका वाक्यावरून, अंतिम अहवालाची वाट न पाहता, मृत वैमानिकांवर दोषारोप सुरू झाला. मालिका तोडण्याची घाई जशीच्या तशी राहिली आहे.

उपसंहार

चिकलठाण्याच्या अपघाताने भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासाला दिलेली देणगी म्हणजे त्या निष्कर्षातील 'आणि' हा शब्द होय. वैमानिकांचा विलंब आणि रस्त्यावरील अनिर्बंध वाहतूक, असे म्हणताना चौकशीने मालिका वैमानिककक्षात थांबविण्याचे नाकारले. मात्र त्या 'आणि'चा पुढचा अर्थ, म्हणजे दोन्ही चुका एकाच शिल्लकेवर जगत होत्या हा अर्थ, वाचणाऱ्यांवर सोडलेला आहे. अपघातांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने कोणताही अहवाल हाती घेताना प्रथम हे पाहावे की, मालिका कोणाच्या दाराशी थांबली, तेथेच का थांबली, आणि पुढचे दार उघडले असते तर आत कोण सापडले असते. तापलेल्या दुपारी बीडच्या रस्त्याने गाठी घेऊन जाणारा तो चालक आणि त्याच क्षणी नाक उचलणारे ते वैमानिक एकमेकांना अनोळखी होते. त्यांची ओळख करून देणे हे ज्याचे काम होते, तो त्या वेळी तेथे नव्हता.